गार्डमामांची कॉशन ऑर्डर

दौंडात एक घर असं होतं, की दाराशी एजंट दिसला की गच्चीवरून लाल झेंडी दाखवली जायची. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरी झेंडी, बांबूच्या काठीला लावलेलं खरं लाल कापड, आणि ती धरणारा हात मालगाडीच्या मागच्या डब्यात तीस वर्षं उभा राहिलेला. झेंडी दाखवून म्हातारा आत निघून जाई. शिवी नाही, आरडाओरडा नाही, कुत्रं सोडणं नाही. काय ते आलेल्याने समजून घ्यायचं. माझ्या आधी आलेल्या सगळ्या एजंटांना ते समजलं होतं. मी नवीन होतो. मला वाटलं, म्हातारा हात करून वर बोलावतोय.

हमीद शेख हे त्यांचं नाव पेन्शनच्या बँकेला तेवढं माहीत. बाकी सगळे गार्डमामा म्हणायचे. "आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणत्यात," असं ते सांगत. "म्या मॅनेज कायबी केलं न्हाई. मागं उभा राहून बघितलं. बघायला बी माणूस लागतो." गेल्या थंडीत मामा गेले. तेव्हापासून त्यांच्यावर काही लिहावं असं मनात होतं. पण त्यांच्यावर लिहायचं म्हणजे माझा मूर्खपणा आधी लिहावा लागतो, म्हणून टाळत होतो.

तर माझा मूर्खपणा. मी मांडवगण फराट्याचा, राहायला शिरूरला. कारखान्यातली सुपरवायझरकी सुटली तेव्हा मी पस्तिशीत होतो. आमच्याकडे नोकरी सुटली की माणूस पोल्ट्री टाकतो, नाहीतर एजंट होतो. पोल्ट्रीला भांडवल लागतं. मी एक पांढरा शर्ट शिवला, पुण्यात जाऊन दोन दिवसांचा कोर्स केला आणि मालमत्ता सल्लागार झालो. शिरूरात त्या वेळी गिऱ्हाइकांपेक्षा सल्लागार जास्त झाले होते, म्हणून मोटारसायकल भीमेपलीकडे घातली आणि दौंड धरलं.

कोर्समधल्या सरांनी एक अख्खी दुपार फक्त एका विषयाला दिली होती: एजंट न घेता स्वतःचं घर स्वतः विकणारा मालक. "हा मालक म्हणजे झाडावर पिकलेला आंबा," सर म्हणाले. "तुम्ही फक्त खाली उभं राहायचं. एजंट आहे असं म्हणायचं नाही, मदत करायला आलोय म्हणायचं. आणि त्याला असे तीन प्रश्न विचारायचे, की तिन्हींचं उत्तर 'हो' आलं पाहिजे. तीनदा हो म्हणालेला माणूस चौथ्यांदा नाही म्हणू शकत नाही." आम्ही चाळीस जणांनी हे वहीत उतरवून घेतलं. त्या चाळिसांपैकी एकालाही गार्डमामा माहीत नव्हते, आणि सरांना तर नव्हतेच.

मामांच्या भिंतीवर लिहिलं होतं, 'घर विकणे आहे. मालक स्वतः घरात आहे.' मी लाल झेंडीला हात हलवून उत्तर दिलं आणि दार वाजवलं. मामा खाली आले. बुटके, ताठ, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. दाराच्या आत दोन पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या.

"मामा, आपलं घर चांगल्या माणसाच्या हातात जावं असं वाटतं ना तुम्हाला?" मी पहिला प्रश्न टाकला.

"न्हाई."

"नाही?"

"चांगल्या माणसाच्या गळ्यात कसं घालू? घरात दोष हायेत."

गाडी पहिल्याच प्रश्नाला रुळावरून उतरली. मी दुसरा काढला. "बरं, विक्रीत तुमचा वेळ तरी वाचावा असं वाटत असेल?"

"रिटायर माणसानं येळ वाचवून ठेवायचा कुठं? माळ्यावर?"

तिसऱ्या प्रश्नात काही राम उरला नव्हता, म्हणून मी एकदम शेवटच्या वाक्यावर उडी मारली. "मामा, मी काही विकायला आलेलो नाही. मी मदत करायला आलोय."

"असं व्हय? मंग ह्या बादल्या वर न्या."

सरांनी यावर काही शिकवलं नव्हतं. मी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारल्या, दोन बादल्या उचलल्या आणि जिना चढता चढता दौंडच्या बाजारभावाबद्दल बोलू लागलो. तिसऱ्या पायरीला माझा पाय अडकला. एक बादली माझ्यावर, एक जिन्यावर.

"तिसरी पायरी उंच हाय," मामा खालून शांतपणे म्हणाले. "सांगनार हुतो. पर तुम्ही बोलत हुता, एजंटसाहेब."

वरून बाईमाणसाचा आवाज आला, "अजी, चा तो पिलाव उसको. भिजला बिचारा."

अशी माझी घराच्या आत एन्ट्री झाली. भिजलेल्या माणसाला एजंट असला तरी चहा द्यावा लागतो, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या बाजूने होती.

वर खाटेवर मामी बसलेल्या. गुडघे दोन्ही गेलेले. नळ खाली, चूल वर, आणि मध्ये ती तिसरी पायरी. मामींना खाली उतरून चार महिने झाले होते. "रस्ता कसा दिसतो रं आता?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "खड्डे आहेत." "मंग तसाच हाय," म्हणाल्या आणि हसल्या. त्यांची मुलगी रेहाना राहू गावात दिलेली. तिच्या शेजारचं घर विकायचं होतं: तीन खोल्या, सगळ्या जमिनीलगत, एकही पायरी नाही. शेजाऱ्याने मामांना शब्द दिला होता, मृग लागेपर्यंत थांबतो. पेरणीला त्यालाही पैसा लागणार, मग दुसऱ्याला देणार. म्हणजे मामांचं दौंडचं घर मृगाच्या आत विकलं गेलं तर मामी जमिनीवर येणार, नाहीतर त्या खाटेवरून खिडकी, एवढंच. तेव्हा एप्रिल चालू होता.

"इतकी घाई आहे तर एजंट का नको?" मी विचारलं.

"एजंट म्हंजी गाडीत न बसता भाडं घेणारा माणूस," मामा म्हणाले. "आन् पुढं पूल कच्चा हाय हे तो प्याशिंजरला सांगत न्हाई."

मामा मात्र सांगत. नुसतं सांगत नसत, लेखी देत. रेल्वेत गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरच्या आणि गार्डच्या हातात एक कागद ठेवतात: पुढे कुठे रुळाचं काम चालू आहे, कुठला पूल नाजूक आहे, कुठे वेग किती ठेवायचा. त्याला म्हणतात कॉशन ऑर्डर. घ्यायची, वाचायची, सही करायची, मगच गाडी हलणार. मामांनी आपल्या घराची कॉशन ऑर्डर काढली होती. घर बघायला येणाऱ्याच्या हातात चहाच्या आधी ती पडे. माझ्याही पडली.

'सदर घरासाठी. एक: जिना. तिसरी पायरी उंच. वेग कमी करावा. दोन: स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही. वारा सुटल्यास धरून बसावे. तीन: नळ दिवसाआड. चार: गच्चीच्या कोपऱ्यात दोनपेक्षा जास्त माणसांनी उभे राहू नये. पाच: डावीकडचा शेजारी. ऐकू येतो. सहा: खालची मागची खोली. पावसाळ्यात भिंत ओल धरते. कापड, धान्य ठेवू नये. सात: मालगाड्या. दिवसभर. भांडी वाजतात. सवय होते.' खाली 'वाचले, समजले' आणि सहीची जागा.

चार गिऱ्हाइकं येऊन, वाचून, समजून, सही करून गेली होती. सही करून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दिसलं नव्हतं.

मी शिरूरला परत आलो आणि वही उघडली. मालक ऐकत नसेल तर त्याचा धीर खचवा, असं सरांनी सांगितलं होतं. एखादं गिऱ्हाईक जाऊन घरात पाच खोडी काढतं, भाव पाडून मागतं, मालक हबकतो, आणि नेमकं तेव्हा आपण दारात तारणहारासारखं उभं राहायचं. मला असं गिऱ्हाईक पाहिजे होतं. माझे साडू शिरूरला भांड्यांचं दुकान चालवतात. भाव पाडून मागणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांना मी पाच खोडी चिठ्ठीवर लिहून दिल्या, घरी घोकून घेतल्या आणि पुढच्या रविवारी दौंडला आत पाठवलं. मी समोरच्या टपरीवर दडलो.

पुढचं साडूंनीच मला सांगितलं, तेही मेहुणीच्या समोर. मामांनी नेहमीप्रमाणे कागद हातात दिला. साडूंनी तो वाचला. पुन्हा वाचला. खिशातली चिठ्ठी काढून शेजारी धरली आणि अगदी मनापासून म्हणाले, "माझ्याकडं पाचच हायेत हो. तुमच्याकडं सात."

"कुणी दिलं लिवून?"

"साडूनी. कोर्स केलाय त्यानं."

टपरीवर माझ्या हातात दुसरा चहा होता. गच्चीवर लाल झेंडी निघाली. या वेळी मला ती बरोबर समजली. मोटारसायकलला किक मारतो तोवर मामा खाली येऊन समोर उभे. हातात माझी चिठ्ठी.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक खोटं आनलं, पर लिवून आनलं. लिवनारा माणूस कवातरी खरं लिवू शकतो. एक डाव देतो तुम्हाला. खरं गिऱ्हाईक आना. कागद आधी त्याच्या हातात, सही, मंग जिना. हितं चुकला तर माझ्या रस्त्याला दिसायचं न्हाई."

दौंडमधल्या कुठल्याही एजंटाला जे मिळालं नव्हतं ते मला मिळालं होतं, आणि ते माझ्या साडूच्या बावळटपणामुळे. घरी मात्र मी ते कोर्समध्ये शिकलेल्या पद्धतीचं यश म्हणून सांगितलं.

मे महिन्यात खरं गिऱ्हाईक सापडलं. नवरा कुरकुंभला नोकरीला, बायको वैशालीताई ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. तीन मशिनी, कापडाचे गठ्ठे, आणि भाड्याच्या घरमालकाची रोजची कटकट. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "खाली मागं एखादी मोठी खोली हाय का? कापडाला?"

आता वाचकहो, मी काय केलं ते ऐका, आणि माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू द्या. मामांच्या हाताने लिहिलेला तो कागद माझ्या मते धंद्याला शोभत नव्हता. मी तो शिरूरला कॉम्प्युटरवर नीट टाइप करून घेतला. वर माझ्या नावाचा निळा शिक्का, बाजूला छोटं घराचं चित्र. आणि सहावी ओळ गाळली. मे महिना होता, भिंत कोरडी खडखडीत होती, तिला बोट लावून मी स्वतः पाहिलं होतं. मृगाला तीन आठवडे राहिले होते. मी स्वतःला सांगितलं, की हे मी मामींच्या गुडघ्यांसाठी करतोय. माझं कमिशन मामींच्या गुडघ्यांच्या मागे लपून बसलं होतं.

वैशालीताईंनी कागद वाचला, हसल्या, सही केली. जिना चढताना तिसऱ्या पायरीला आपणहून थांबल्या. खालची खोली पाहिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मशिनी खिडकीला, गठ्ठे ह्या भिंतीला." मी भिंतीकडे पाहिलं नाही. आठवड्याभरात इसाराचा दिवस ठरला.

त्या दिवशी वर मामींच्या खाटेसमोर सगळे बसलो. पेढे आले होते, रेहाना राहूहून आली होती, मामींनी नवं पातळ नेसलं होतं. वैशालीताईंच्या नवऱ्याने इसाराचं पाकीट मामांच्या हातात दिलं. मामांनी ते मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आधी टॅली." ड्रायव्हरची प्रत आणि गार्डची प्रत जुळवून बघायची, ही त्यांची सवय. एका हातात माझा निळ्या शिक्क्याचा कागद, एका हातात त्यांचा. ओठ हलवत वाचत गेले. पाच, पाच. सहा.

"सहावी मालगाड्या कशी? सहावी ओळ कुठं गेली?"

"टायपिंगमध्ये राहिली असेल, मामा," मी म्हणालो.

मामांनी चष्मा काढला. "टायपिंगमधी माणसं मरत्यात, एजंटसाहेब."

मग त्यांनी स्वतःच्या कागदावरची सहावी ओळ वैशालीताईंना मोठ्याने वाचून दाखवली, 'कापड, धान्य ठेवू नये' इथपर्यंत. मांडीवरचं पाकीट उचलून त्यांच्या नवऱ्याच्या हातात परत दिलं. "सही तुमची हाय, पर ती चुकीच्या कागदावर हाय. चालत न्हाई ती."

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. टाक्याला चुकलेल्या पोरीकडे बघतात तसं. दोघं उठून गेले. पेढे तसेच राहिले. बाहेरून एक मालगाडी गेली, भांडी वाजली, आणि मामींनी खाटेवरून विचारलं, "गेली का?" मालगाडीबद्दल विचारलं की गिऱ्हाइकाबद्दल, मला आजतागायत कळलेलं नाही. मृगाला बारा दिवस होते.

मामा मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "भिताड कोरडं हाय म्हणून गाळली?" मी मान हलवली. "पूल उन्हाळ्यात बी उभाच असतो," ते म्हणाले आणि मामींना पाणी द्यायला उठले.

पुढचे चार दिवस मी शिरूरात पोल्ट्रीची माहिती काढत होतो. पाचव्या दिवशी वैशालीताईंचा फोन आला. मी शिव्या खायला तयार होऊन उचलला.

"अहो एजंट, आम्ही चार घरं अजून बघितली," त्या म्हणाल्या. "कुठंच कुणी ओल सांगितली न्हाई. चार घरांत ओल नसंलच का? मला काय ते कळलं न्हाई. मामांच्या घरातलं मला सगळं माहिती हाय, चांगलं बी आन् वाईट बी. तर मी काय म्हनते, चूल खाली आणायची आन् कापड वर न्यायचं. भांड्यांना ओलीचं काय? विचारा मामांना, चालंल का."

चालेल का! तीस वर्षांच्या संसारात मामा-मामींना जे सुचलं नव्हतं ते या बाईला चार दिवसांत सुचलं. मी मामांना सांगितलं तेव्हा ते उठून जिन्यापाशी गेले. मग म्हणाले, "चुलीला नळबी खालीच हाय की." आणि आत जाऊन मामींना ओरडून सांगितलं, की आपण तीस वर्षं येड्यासारखं पाणी वर नेलं.

खरेदीखत झालं तेव्हा मृगाला तीन दिवस होते. मामींना खाली आणायचा प्रश्न आला. प्लास्टिकची हात असलेली खुर्ची आणली, त्यात मामी बसल्या, एका बाजूला वैशालीताईंचा नवरा, एका बाजूला मी. मामा आमच्या पुढे, तोंड आमच्याकडे करून, उलटे उतरत होते. मामींनी डोळे गच्च मिटलेले. खालून तिसऱ्या पायरीशी आलो तसा मामांचा आवाज आला, "दमानं. तिसरी हाय. सुहास, दमानं घे रे."

दोन महिने मी 'तुम्ही' आणि 'एजंटसाहेब' होतो. मामा मला पहिल्यांदा नावाने हाक मारत होते, आणि माझे दोन्ही हात खुर्चीत अडकलेले, डोळे पुसायची सोय नव्हती.

टेम्पो निघताना त्यांनी माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. मी ते चौकात जाऊन चहाच्या टपरीवर फोडलं. आत कमिशन होतं, ठरलेलं. आणि एक कागद, त्यांच्या अक्षरात.

'कॉशन ऑर्डर. सदर एजंटासाठी. एक: सुरुवातीचे बोलणे. पहिली दहा मिनिटे कानावर घेऊ नये. दोन: साडू. गिऱ्हाईक म्हणून आणल्यास खरे कोण ते विचारावे. तीन: टायपिंग. टॅली केल्याशिवाय सही करू नये. चार: ओझे उचलायला चालतो.' खाली 'वाचले, समजले' आणि सहीची जागा मोकळी.

मी सही केली. आणि धंद्यातली पहिली शहाणपणाची गोष्ट केली: तो कागद छापून घेतला. आता कुणी स्वतःचं घर स्वतः विकायला काढलं असलं की मी जातो, दारात उभा राहून आधी तो कागद देतो आणि गप्प बसतो. अर्धे लोक वाचून दार लावतात. अर्धे हसतात आणि विचारतात, हे कुणी लिहिलं. मग मला मामांबद्दल सांगता येतं, आणि तोवर दहा मिनिटं होऊन गेलेली असतात.

हा पराक्रम दाखवायला मी राहूला गेलो, ती आमची शेवटची भेट. मामी दारातच बसल्या होत्या, रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करत. मामांना मी छापील कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडून सही केलेली मूळ प्रत मागून घेतली आणि दोन्ही शेजारी धरल्या. ओठ हलू लागले. एक, एक. मग थांबले.

"दुसरी ओळ कुठं गेली?"

"टायपिंगमध्ये राहिली, मामा," मी म्हणालो. "साडू नको म्हणत होते."

मामा उठले आणि घरात गेले. आत कुठेतरी बांबूची काठी भिंतीला घासल्याचा आवाज झाला.

"पळ आता," मामी हसत म्हणाल्या.

मी पळालो. पुन्हा जायचं राहून गेलं, आणि थंडीत रेहानाचा फोन आला. माती देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरला छापखान्यात जाऊन उभा राहिलो. आता माझ्या कागदावर चारही ओळी आहेत, क्रमाने, मूळ प्रतीशी टॅली केलेल्या.

साडू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.